मधली पेटी

लिफ्टमध्ये माणसं छताकडे बघतात, मोबाइलकडे बघतात, नाहीतर बदलणाऱ्या आकड्यांकडे. आमचे घरतसाहेब तुमच्या डोळ्यांत बघतात आणि विचारतात, "सध्या काय वाचताय?"

'काय, बरं आहे ना', 'जेवण झालं का', 'तुमच्याकडे पाणी आलं का' असलं काही नाही. थेट तेच. आमची लिफ्ट मुळात आजारी. सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत ती तिचा वेळ घेते आणि तेवढ्यात तुमची सुटका नसते. वाचत असाल तर मत द्यावं लागतं, वाचत नसाल तर कारण. एकदा पार्सल घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी हाच प्रश्न टाकला. तो बिचारा हातातल्या खोक्याकडे बघत म्हणाला, "पत्ता वाचतोय, काका." घरतसाहेबांनी मान डोलावली. "छान. मजकूर थोडा, पण खरा." त्यांच्या तोंडून कुठल्याही लिखाणाबद्दल मी तोवर ऐकलेलं हे सगळ्यात बरं मत.

करंजाड्यात आम्ही सगळेच बाहेरून आलेले. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर पनवेलच्या गावातली भाड्याची जागा सोडून इथे आले. घरतसाहेब उरणकडचे. वडिलांची भातशेती होती, ती गेली, आणि घरतसाहेब न्हावा-शेव्याच्या बंदरावर एका क्लिअरिंग एजंटकडे लागले. परदेशातून माल आला की कंटेनर उघडायचा, कस्टमच्या साहेबासमोर उभं राहायचं, कागदावर लिहिलंय तेच आत आहे हे दाखवून द्यायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. नोकरी सुटली, पण तपासणी काही सुटली नाही. आता ते पुस्तकं उघडतात.

आणि उघडतात कुठून, तर मधून. पहिलं पान नाही, प्रस्तावना नाही, अर्पणपत्रिका तर नाहीच. पुस्तक हातात घेतलं की अंगठा बरोबर मध्यावर घालायचा आणि तिथून वाचायला लागायचं. मी एकदा न राहवून विचारलं, "अहो, सुरुवात न वाचता मधलं कळतं कसं?"

"बाई, कंटेनरच्या दारापाशी सगळे चांगलाच माल लावतात," ते म्हणाले. "मुरलेला साहेब दारातली पेटी बघत नाही. तो सांगतो, मधली पेटी काढा. सगळं तिथे असतं."

मधलं पास झालं तर ते पुस्तक पहिल्यापासून वाचायचे. बहुतेक पुस्तकं मध्यावरच नापास होत. मग शेरा यायचा. "भुसा." हा सगळ्यात लाडका. फार अलंकारिक लिहिणाऱ्याला "पॅकिंग जास्त". कुणाची छाप दिसली की "जुनाच माल, नवीन म्हणून आणलाय". मलपृष्ठावर महान वगैरे छापलेलं असलं आणि आत काही नसलं, की "डिक्लरेशन एक, माल दुसरा". आणि सगळ्या तपासण्या झाल्यावर माल सोडायचा हुकूम मिळतो, त्याला त्यांच्या बंदरावर 'आउट ऑफ चार्ज' म्हणतात. तो शेरा त्यांनी एकाही पुस्तकाला दिलेला नव्हता. मिळेल तेव्हा मिळेल, असं म्हणायचे.

ही खोड पुस्तकांपुरती असती तरी चाललं असतं. मोदक ते कळीकडून खात नाहीत, मधून फोडतात आणि सारण बघतात. लग्नाच्या पत्रिकेतली कुलदेवता, प्रेषक, आशीर्वाद सगळं ओलांडून त्यांची नजर खाली कोपऱ्यात जाते. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' त्यावर बोट ठेवून म्हणतात, "बाकी सगळं पॅकिंग. माल एवढाच."

मला या माणसाचा राग होता, हे लपवत नाही. मी माझं आवडतं पुस्तक कुणाला देत नाही. पण एकदा शेजारधर्म म्हणून एक कादंबरी त्यांना दिली. ती वाचताना मी ढसाढसा रडले होते. दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्राच्या कव्हरात परत आली. त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला ते कव्हर घालतात, दुसऱ्याच्यासुद्धा. मी म्हटलं, "कशी वाटली?"

"हवा."

"अहो, मी रडले होते!"

"ते पॅकिंगमुळे," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, आणि याचा मला जास्त राग आला.

आमच्या वसाहतीत एक व्हॉट्सॲप गट आहे, 'वाचनवेडे करंजाडे'. वाचणारे थोडे, वेडे बरेच. दर रविवारी सकाळी प्रत्येकाने आपण सध्या काय वाचतोय ते लिहायचं आणि मत द्यायचं, असा नियम. नियम प्राजक्ताचा, गटही तिचाच. प्राजक्ता पुस्तकाचा फोटो टाकते. शेजारी कॉफीचा मग, एक वाळकं फूल आणि चष्मा. तिला चष्मा नाही, तो नवऱ्याचा. खाली लिहिते, 'अंतर्मुख करणारा प्रवास'. दर रविवारी ती अंतर्मुख होते आणि सोमवारी पुन्हा पार्किंगवरून भांडायला खाली हजर. एकदा घरतसाहेबांनी तिच्या फोटोखाली विचारलं, 'मध्यावर काय आहे?' प्राजक्ताने उत्तर दिलं नाही, पण तीन दिवस गटात फक्त सुविचार आले.

तरी एक सांगते. त्या गटात पुस्तक खरोखर उघडणारा माणूस एकच होता, आणि म्हणूनच तो कुणालाच नको होता.

यंदा प्राजक्ताने जाहीर केलं की आपल्या गटाच्या भेटीला एक लेखिका येणार. नाव शलाका. मूळची आपल्या रायगडचीच, राहते बंगळुरूला, पहिलाच कथासंग्रह आणि चांगला गाजतोय. सगळ्यांनी वाचून यायचं आणि आधी गटावर मतं टाकायची. मग काय, मतांचा पाऊसच. संग्रहाच्या मधोमध एक गोष्ट होती, 'तपासणी' नावाची. तीच सगळ्यांनी वाचली, कारण प्राजक्ताने तिचेच फोटो काढून टाकले होते.

त्या गोष्टीत एक बाप आहे. मुलगी शाळेतून आली की दप्तर उघडून बघतो, डबा उघडून बघतो, मैत्रिणीने दिलेली राखीसुद्धा हातात घेऊन उलटसुलट करतो. मुलगी आयुष्यातली पहिली गोष्ट लिहिते आणि धावत येऊन त्याच्या हातात ठेवते. तो ताटावर बसलेला. डाव्या हाताने मधलंच पान उघडतो, चार ओळी वाचतो, खिशातलं लाल पेन काढतो आणि पानावर आडवा शब्द लिहितो. मग जेवायला लागतो. मुलगी पुढे कित्येक वर्षं काही लिहीत नाही. बस, एवढीच गोष्ट. शब्द कुठला ते लेखिकेने सांगितलेलं नाही.

गटावर त्या बापाची सालटी निघाली. 'असा बाप वैऱ्यालाही मिळू नये.' 'हा माणूस मेला असेल तर बरंच झालं.' प्राजक्ताने रागाने लाल झालेली तोंडं ओळीने टाकली आणि लिहिलं, 'अशांना मूल होऊच नये!' त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

त्या रविवारी घरतसाहेबांचं मत आलंच नाही. असं कधी झालं नव्हतं. तापाने फणफणलेले असतानाही या माणसाने 'भुसा' असं टाइप केलेलं मी पाहिलं आहे. मनात आलं, पडलेबिडले तर नाहीत? माणूस एकटा राहतो. बायको उरणला असतानाच गेली, तेव्हापासून घरात दुसरं कुणी नाही. मी समोरच्या दाराची बेल वाजवली.

दार उघडं होतं. ते खिडकीशी बसले होते, मांडीवर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक. नव्या विमानतळावर उतरणारं विमान इतकं खालून गेलं की दोघांनाही थांबावं लागलं.

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी."

"मग सध्या काय वाचताय?" मी विचारलं. विचारल्यावर लक्षात आलं की सगळ्या जगाला हा प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला तो कधी कुणी विचारलाच नव्हता.

"एक पुस्तक," ते म्हणाले.

अंगठा सुरुवातीच्याच पानांत होता. मी म्हटलं, "हे काय? पहिल्यापासून?"

"मधलं झालं वाचून," ते म्हणाले आणि पुस्तक मिटून पालथं ठेवलं.

बाहेर आले तर रुखसाना भाभी आपल्या दारात उभ्या. आमच्याच मजल्यावर राहतात, नवरा आखातात असतो. घरतांची आणि त्यांची ओळख उरणपासूनची, तिथेही शेजारीच होते. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं.

"बाई, तुमी त्या गटात हाव ना? त्यांना सांगा, बंद करा ते लिवनं."

"कुठलं?"

"त्या बापाला शिव्या देतात ते. अल्ला, तुमाला खरंच म्हाईत नाय? ती शलाका ह्यांचीच लेक. नवऱ्याचं आडनाव लावते म्हणून कुनाला कळलं नाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुमनभाभी होती तोवर पोरगी उरनला येत-जात होती. भाभीचा इंतकाल झाला आणि पोरीनं फोनपन बंद केला. ह्यांनी ते पुस्तक मागवलं, कौतुकानं. आता ह्यांची खोड तुमाला ठाऊक. मधूनच उघडलं."

मी तिथे खुर्चीवर बसले. जन्मभर लोकांच्या मधल्या पेट्या काढणाऱ्या माणसाने लेकीच्या पुस्तकाची मधली पेटी उघडली आणि आत हे स्वतःच बसलेले, लाल पेन घेऊन. मला हसू यायला हवं होतं. माझ्या कादंबरीला 'हवा' म्हणणाऱ्याचं असं व्हावं, याहून मोठा सूड कुठला? पण हसू काही आलं नाही.

"ती येतेय तेव्हा ते कार्यक्रमाला येतील?" मी विचारलं.

"येतील तर," भाभी म्हणाल्या. "पन ती वळख देल का नाय, ते अल्लालाच म्हाईत. कुनाला बोलू नका, बाई. त्यांची इज्जत हाय."

मी बोलले नाही. बोलून उपयोगही नव्हता. प्राजक्ताला कळतं तर तिने त्या बापलेकींना एकत्र उभं करून फोटोच काढला असता, कॉफीच्या मगासकट आणि चष्म्यासकट.

कार्यक्रम वसाहतीच्या हॉलमध्ये, रविवारी संध्याकाळी. मी वेळेआधी गेले, तर घरतसाहेब माझ्याही आधी. कडक इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. एकटेच खुर्च्या सरळ करत होते. समोर टेबलावर पांढरा कपडा, फुलदाणी, आणि फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटल्या, घाम सुटलेल्या. त्यांनी पिशवीतून जुना स्टीलचा थर्मास काढला. झाकणाला पोचा आलेला, तळाशी सुमन घरत असं नाव कोरलेलं. तो त्यांनी बाटल्या बाजूला सारून मधोमध ठेवला.

प्राजक्ता आली आणि म्हणाली, "हे काय मध्येच? फोटोत बरं नाही दिसत." थर्मास खाली गेला. ती बॅनर लावायला वळल्यावर घरतसाहेबांनी तो पुन्हा वर ठेवला. दोनदा असं झालं. शेवटी तो टेबलाच्या कडेला, फुलदाणीच्या आडोशाला राहिला. या माणसाने कुणाशीही इतकी तडजोड केलेली मी पाहिली नव्हती.

शलाका आली. उंच, सावळी, आणि बघण्याची तऱ्हा थेट बापाची. समोरच्याला मधून उघडते की काय असं वाटावं. तिने हॉलवर नजर फिरवली, ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि तशीच परत आली. चेहरा हलला नाही. मग टेबलावरचा थर्मास तिला दिसला. त्याच्याकडे मात्र ती जरा जास्त वेळ बघत राहिली.

तिने वाचायला सुरुवात केली. आवाज छान होता, पण मध्येच खोकल्याची ढास लागली. माझा जीव तिच्या हाताकडे लागला. शेवटच्या रांगेत घरतसाहेब खुर्चीतून अर्धे उठले होते. तिचा हात पुढे आला, फुलदाणीपाशी थांबला, आणि तिने गार बाटलीचं झाकण उघडलं. प्यायली. पुन्हा खोकली, पुन्हा तेच पाणी प्यायली. घरतसाहेब खाली बसले.

मग चर्चा. कुणी 'हृदयाला भिडलं' म्हणालं, कुणी 'अंतर्मुख'. प्रत्येकाने त्या बापाला एकेक लाथ घालून घेतली. शलाका ऐकत होती आणि अधूनमधून मान हलवत होती. तिलाही त्यात फार सुख दिसत नव्हतं. आणि मग प्राजक्ताला हुक्की आली. "आमच्याकडे एक फार कडक परीक्षक आहेत बरं का! आजवर एकाही पुस्तकाला पास केलेलं नाही त्यांनी. घरतसाहेब, आज सोडायचं नाही तुम्हाला. कसं वाटलं पुस्तक? आणि तो बाप कसा वाटला?"

लोक हसले, माना वळल्या. रुखसाना भाभींनी माझं मनगट घट्ट धरलं.

घरतसाहेब उभे राहिले. कव्हर घातलेलं पुस्तक छातीशी धरलेलं.

"मी मधून वाचलं पहिलं," ते म्हणाले. "सवय आहे. नंतर सगळं वाचलं, पहिल्यापासून." मग प्राजक्ताकडे वळले. "बापाबद्दल विचारलंत. बाप जसा लिहिलाय तसाच आहे. कुठे वाढवलेला नाही. थोडा कमीच लिहिलाय. डिक्लरेशन आणि माल, दोन्ही जुळतं." त्यांनी घसा साफ केला. "माझ्याकडून आउट ऑफ चार्ज."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी शिट्टीही मारली. प्राजक्ता टेबलावर हात आपटत म्हणाली, "ऐतिहासिक क्षण! शलाकाताई, तुम्हाला कल्पना नाही हे काय झालं!"

शलाकाला कल्पना होती. बाप उभा होता, टाळ्या संपेपर्यंत उभाच होता. ती हातातल्या बाटलीचं झाकण लावत होती आणि ते काही नीट बसत नव्हतं. मग तिने वर बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "थँक यू, काका." आणि प्राजक्ताकडे वळून, "पुढचा प्रश्न?"

सह्या झाल्या, फोटो झाले, सामोसे संपले. घरतसाहेब सहीच्या रांगेत उभे राहिले नाहीत. ते मागे खुर्च्या एकात एक घालत होते. गाडी आली तशी शलाका गेली, आणि प्राजक्ता तिच्या मागोमाग दारापर्यंत सेल्फी काढत गेली. मला त्या लेकीचा राग आला. लगेच त्या लाल पेनाचाही आला. कुणाच्या बाजूने उभं राहायचं ते मला तेव्हा कळलं नाही, अजूनही कळत नाही.

टेबल आवरताना थर्मास मीच उचलला. पूर्ण भरलेला होता.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. त्यांनी आकड्यांकडे बघितलं, छताकडे बघितलं. काय वाचताय ते विचारलं नाही. चौथ्या मजल्यावर एकदम संतापून म्हणाले, "गार पानी कोनी ठेवलं तिथं? तिला थंड चालत नाय. ल्हानपनापासून चालत नाय. जरा गार प्याली का रात-रात ढास लागते बायला. सुमन उठून पानी तापवायची." इतकी वर्षं शेजारी राहून त्यांची घरची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"तुम्ही सांगायचं ना कुणाला तरी," मी म्हटलं.

"कोन म्हनून सांगू?"

लिफ्ट थांबली. त्यांनी घराचं दार उघडलं, मीही मागोमाग आत गेले, थर्मास माझ्याच हातात होता. त्यांनी तो घेतला, झाकण फिरवलं. आल्याचा आणि ज्येष्ठमधाचा वास आला. झाकणात थोडं पाणी ओतून त्यांनी बोट बुडवून बघितलं.

"घ्या, बाई," ते म्हणाले. "अजून गरम हाय."

माझा घसा ठणठणीत होता. तरी मी झाकण हातात घेतलं आणि खुर्ची ओढून बसले. त्यांनी पुन्हा भरून दिलं, मी पुन्हा प्यायले, थर्मास रिकामा होईपर्यंत.